डिफेन्सिव्ह फ्रंट म्हणजे मोहरा, बचावफळी नव्हे

टेक्सासहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा तिथल्या हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, संघाच्या बचावात असतो. समोरचे संघ 'स्प्रेड' खेळतात, म्हणजे मैदानाच्या रुंदीभर गडी पसरतात आणि मधल्या विरळ जागेतून चेंडू घेऊन धावतात. ते थोपवायला 'डिफेन्सिव्ह फ्रंट' कसा लावायचा, याची रोज तालीम असते. पुण्यातल्या आजोबांना हे फोनवर सांगताना 'फ्रंट'ला काय म्हणावं? वडील 'बचावफळी' म्हणतात, त्यांचे मित्र 'बचावात्मक आघाडी'. 'अलाइनमेंट'लाही, म्हणजे कोणी नेमकं कोणासमोर उभं राहायचं यालाही, शब्द हवाय.

दोन्ही चूक. बचावफळी आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधली, गोलरक्षकाच्या जरा पुढे, म्हणजे संघाच्या जवळजवळ शेवटी. इथला फ्रंट सगळ्यात पुढे असतो: चेंडूपाशी वाकून बसलेले तीन-चार दांडगे गडी आणि त्यांच्या पाठीशी लाइनबॅकर. आजोबांपुढे चित्र अगदी उलटं उभं राहील. 'आघाडी' तर खेळाच्या मराठीत चढाई करणाऱ्यांची. आणि ते 'बचावात्मक'! 'बचावाची' म्हणून भागत असताना ही 'आत्मक'ची शेपटी कशाला?

शब्द आपल्या घरातच आहे: मोहरा, म्हणजे सैन्याचं पुढचं अंग.

लगेच कोणीतरी म्हणेल, मोहरा म्हणजे दुसऱ्याच्या हातातली सोंगटी. 'माझा मोहरा म्हणून वापर झाला' हे वाक्य बातम्यांत इतक्यांदा कानावर येतं की संताप होतो. ही हिंदीची उसनवारी आहे. असा वापर झालेल्याला मराठीत प्यादं म्हणतात, बाहुलं म्हणतात. सोंगटीचा मोहरा फारसी 'मुहरा'वरून आला, शिक्क्याची मोहर फारसी 'मुहर'वरून, आंब्याचा मोहर संस्कृत मुकुलाचा. सैन्याचा मोहरा या तिघांपैकी कोणाचाच नाही. तो 'मुख' या शब्दाचा वंशज. गावाकडचं 'म्होरं' त्याचंच भावंड, 'म्होरक्या' त्याच घरातला, आणि 'सन्मुख' झिजून झालेल्या 'समोर'मध्येही तेच मुख दडलंय. सरसकट सगळ्या मोहऱ्यांवर फारसीचा शिक्का मारणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की सोंगटीतून 'म्होरं चल' कसं निघालं? निघत नाही. नुसता उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली असं मानणं हा आळस आहे, आणि तो छापील कोशात शिरला तरी आळसच राहतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इंग्रजी 'फ्रंट' लॅटिन 'फ्रॉन्स'वरून आला, आणि फ्रॉन्स म्हणजे कपाळ. त्यांनी सैन्याच्या पुढच्या अंगाला कपाळ म्हटलं, आपण तोंड म्हटलं. त्यात या खेळात मोहऱ्याच्या मधोमध, चेंडू देणाऱ्या सेंटरच्या थेट पुढ्यात बसणाऱ्या गड्याला 'नोज' म्हणतात. नाक! कपाळ त्यांचं, मुख आपलं, नाक दोघांचं. भाषांतर याहून नेमकं काय असणार?

वाक्प्रचारही तयार आहे: मोहरा वळवणे. चढाईवाल्यांनी एका बाजूला वजन वाढवलं की चेंडू सुटण्याआधीच बचावाचे गडी अर्धं पाऊल, एक पाऊल सरकतात. हेच मोहरा वळवणं. 'मोर्चा' इथे चालणार नाही. मोर्चा गडाला लावून बसायचं असतं, तो असा क्षणात फिरत नाही.

आजोबांना चित्र असं सांगा. चढाईची पाच माणसांची रांग: मध्ये सेंटर, दोन्हीकडे गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. पाचांमध्ये चार फटी. त्यांना खिंडी म्हणा, कारण बचावाचं सगळं काम खिंड लढवणं हेच आहे. स्प्रेडवाले टोकाच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळा सोडतात. तो आत धावला, तर क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू शेजारच्या धावपटूच्या पोटात कोंबतो. यावरचा एक मोहरा तिघांचा, त्याला 'टाइट' म्हणतात. एक सेंटरच्या नाकासमोर, उरलेले दोघं दोन्ही टॅकलच्या आतल्या खांद्याशी. गार्ड आणि टॅकल यांच्यामधल्या दोन्ही खिंडी बुजतात. धावणाऱ्याला आत वाट मिळत नाही, बाहेर वळावं लागतं, आणि तिथे मागून येणारे मोकळे गडी त्याला गाठतात.

फळीचा एवढा लळा असेल तर तिचीही एक गंमत आहे. शिकागो बेअर्स संघाचा '46' हा गाजलेला बचाव. पुष्कळांना वाटतं, पुढे चार आणि मागे सहा म्हणून 46. तसं नाही. प्रशिक्षक बडी रायन यांच्या त्या मांडणीला डग प्लँक या सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या, जर्सीचा आकडा मिळाला. आणि प्लँक म्हणजे इंग्रजीत फळी! बेअर्स याच बचावाच्या जोरावर जानेवारी 1986 मध्ये सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकले तेव्हा प्लँक संघात नव्हते, पण बेअर्सचे गुण भरले 46. तेव्हा फळी शोधायचीच तर ती मोहऱ्याच्या मागे, सेफ्टीच्या जागी सापडते.

राहिली अलाइनमेंट. ती खांद्याची गोष्ट आहे. कोण कोणाच्या नाकासमोर आणि कोण कोणाच्या कुठल्या खांद्याशी, याला तिकडे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांचं श्रेय टेक्सासच्याच बम फिलिप्स यांना देतात. सेंटरच्या नाकासमोर शून्य, गार्डच्या नाकासमोर दोन, गार्डच्या बाहेरच्या खांद्याला तीन. आजोबांना आकडे नकोत. त्यांनी नातवाला विचारावं, 'आज मोहरा कसा लावला होता, आणि तू कोणाच्या खांद्याला होतास?' तो अचूक उत्तर देईल.