नव्या जातीचं रोप महाग का, आणि घरच्या काड्या लावता येतात का?

प्रश्न (मावळ, पॉलिहाऊस गुलाब): नव्या जातीच्या रोपाला रॉयल्टी म्हणून जादा पैसे मागतात. ते कशाचे? पुढच्या लागवडीला घरच्याच काड्या वापरल्या तर चालेल का?

उत्तर: रॉयल्टी म्हणजे जात तयार करणाऱ्याचा मोबदला. गुलाबाचा संकर करताना कळी उमलण्याआधीच पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, वर पिशवी बांधायची. फळ पिकायला तीन-चार महिने लागतात. बी थंडाव्यात ठेवूनही बरंचसं उगवत नाही. उगवलेल्या हजारो रोपांतून मोजकी निवडून त्यांचे डोळे खुंटावर, म्हणजे दुसऱ्या दणकट गुलाबाच्या रोपावर, भरायचे. मग दांडा किती लांब येतो, भुरी रोग किती पडतो, फूल किती टिकतं, हे अनेक हंगाम पाहायचं. जात बाजारात यायला ८-१० वर्षं सहज जातात आणि उपटून टाकलेल्या रोपांचा खर्चही तिच्यावरच पडतो. त्यामुळे रॉयल्टी मागणं गैर नाही.

तुम्हाला ती परवडते का, हा हिशोब मात्र तुम्हीच मांडा. १० गुंठ्यांत साधारण ६-७ हजार रोपं बसतात. रोपामागे १० रुपये जादा म्हणजे ६०-७० हजार रुपये. तेवढे जादा दांडे किंवा जादा भाव मिळणार आहे का? माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी एकच बेड लावा. बिलात रॉयल्टी वेगळी दाखवायला सांगा आणि उत्पादनाचा दावा लेखी घ्या. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार, नोंदणीकृत जात सांगितल्याप्रमाणे उतरली नाही तर भरपाई मागता येते.

हाच कायदा शेतकऱ्याला संरक्षित जातीचं बियाणं राखून पुन्हा लावायची मुभा देतो आणि लागवडीचं साहित्यही त्यात येतं. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तरी खरेदीच्या वेळी करारावर सही केली असेल, तर काडी कापण्याआधी तो मला आणून दाखवा. मुळांवर किंवा बुंध्यावर गाठी असलेल्या झाडाची काडी मुळीच घेऊ नका.

प्रश्न (दौंड): पिवळ्या शेवंतीच्या एका फांदीला केशरी फुलं आली आहेत. ही माझी जात होईल का?

उत्तर: होऊ शकते. पण बुडातल्या काश्या (बुंध्याशी जमिनीतून फुटलेले कोंब) लावू नका, त्या पिवळ्याच निघतील. फुलं संपल्यावर तीच फांदी छाटा आणि तिच्यावरच्या कोवळ्या फुटीचे शेंडे लावा. दोन-तीन लागवडींत सगळी झाडं सारखी केशरी राहिली, तर नोंदणीसाठी अर्ज करा. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे, जातींची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची शाखा पुण्यात आहे आणि शेवंतीला संरक्षण १५ वर्षांपर्यंत मिळतं. रोपांची विक्री अर्जाआधी सुरू करू नका. विक्रीला वर्ष उलटलं की ‘नवीन जात’ म्हणून नोंद होत नाही. त्या फांदीला आजच सुतळी बांधून ठेवा, फुलं झडल्यावर ती ओळखू येणार नाही.