माझ्या १६ वर्षांच्या भाचीची केमो चालू आहे, सोलापूरहून बार्शीला ये-जा असते. तिला माइंडफुलनेस ध्यान शिकवलं तर उपयोग होईल का?

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. त्याचा उपयोग होऊ शकतो, पण मनाला आणि झोपेला. गाठीला नाही, त्यामुळे केमोची एकही तारीख चुकवू नका. माँट्रियलमध्ये कॅन्सर असलेल्या १३ किशोरवयीनांवर एक छोटा अभ्यास झाला होता. ८ जणांना आठवड्यातून एकदा, दीड तास, असं ८ वेळा ध्यान शिकवलं. बाकीचे ५ तुलनेसाठी प्रतीक्षा यादीत, म्हणजे तोवर त्यांना शिकवलं नाही. शिकलेल्यांची मनःस्थिती सुधारली, त्यातल्या मुलींना झोपही बरी लागली. मात्र फरक फार मोठा नव्हता, आणि मुलं एकत्र बसली, एकमेकांशी बोलली याचाही त्यात वाटा असेल, असं संशोधकांनीच म्हटलंय. म्हणून भाचीला एकटीला खोलीत बसवू नका, शेजारी तुम्हीही बसा.

सुरुवात ५ मिनिटांची पुरे. धाप लागत असेल तर श्वासाच्या मागे लागू नका. घरातली सोलापुरी चादर मांडीवर घेऊन, सुई नसलेल्या हाताचं बोट नक्षीच्या कडेकडेने सावकाश फिरवू दे; लक्ष भटकलं की परत बोटापाशी. बार्शीच्या वाटेवर गाडीत नुसते आवाज ऐकले तरी चालतं. मळमळ असताना उदबत्ती मात्र नको. आणि ‘झालं का मन शांत?’ हे विचारूच नका, त्याचीही परीक्षा होऊन बसते.

डोळे मिटल्यावर ती जास्तच घाबरत असेल तर डोळे उघडे ठेवू दे. तरीही तसंच वाटलं तर थांबा आणि तिच्या डॉक्टरांना सांगा.