लातूरहून शनिवार-रविवार गणपतीपुळ्याला जायचंय, स्वस्तात राहायची सोय कुठे होईल?

आधी एक सांगतो, शनिवारची रात्र टाळता आली तर टाळा. रविवारी पोहोचून सोमवारी निघालात तर त्याच खोलीचा भाव घासाघीस न करता उतरतो. संकष्टी, त्यातून अंगारकी असेल तर मात्र नादच करू नका.

पुळ्यात मंदिर संस्थानाचं भक्तनिवास आहे, पहिला फोन तिथे लावा. एमटीडीसीचं रिसॉर्ट अगदी समुद्रालगत, पण ते फार आधी भरतं. खरा स्वस्तातला माल म्हणजे मालगुंड आणि नेवऱ्याकडची घरगुती सोय. मालगुंड जवळच आहे, केशवसुतांचं जन्मगाव, स्मारकही बघून होतं. घरात राहिलं की जेवण तिथंच. ज्वारीची भाकरी विसरा, तांदळाची मिळेल, सोबत सोलकढी.

फोनवर 'समुद्र किती लांब?' असं विचारू नका. आम्हाला 'दोन मिनिटं' सांगितलं होतं. ती दोन मिनिटं गाडीची निघाली, तीही उताराची. येताना आईला चढ चढवता चढवता पुरेवाट झाली. त्यापेक्षा मॅपवरचं लोकेशन मागवा. जादा गादीचे पैसे, गरम पाणी, पार्किंग हेही आत्ताच विचारा. आगाऊ पैसे थोडेच पाठवा.

रस्ता तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट. साडेचारशे किलोमीटरहून जास्तच पडतं, म्हणून शनिवारीच पोहोचायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच निघा. घाट मात्र उजेडात उतरा.