पहिलं ऑटोमेटेड थ्रीडी प्रिंटिंग मशीन घेताना

ब्रोशरमधला छपाईचा वेग आधी बाजूला ठेवा. नवखे तिथंच फसतात. नायलॉन पावडरच्या मशीनमध्ये छपाई संपल्यावरही पावडर आणि पार्टनी भरलेली पेटी थंड व्हायला कित्येक तास जातात, मग पार्ट बाहेर काढणं, पावडर झाडणं, चाळणं. ऑटोमेशन हवं ते या कामांत! धातूत तर सपोर्ट (छापताना पार्टला दिलेले तात्पुरते आधार) कापणं आणि उष्णतोपचारही आले.

सुरुवातीला एवढंच बघा:
- तुमचाच अवघड पार्ट पेटीभर छापून मागा. कोपऱ्यातला आणि मधला, दोन्ही मोजा. (विक्रेत्याचा चकचकीत नमुना शोकेसपुरता.)
- दुसऱ्या कंपनीची पावडर चालते का?
- टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेऊ शकते. आर्गॉन (पावडर पेटू नये म्हणून वापरायचा निष्क्रिय वायू) आणि सुरक्षेची सोय खर्चात धरा.

पावडर वितळवून जोडणाऱ्या लेझरची सेटिंग्ज सध्या राहू द्या. मटेरियल कोणतं आणि महिन्याला किती पार्ट लागतील, ते सांगा. पुढचं मग बोलू.