बुलेटवरचा बॉस

प्रश्न: भावानं बुलेटला ८०५५ नंबर घेतला आन् प्लेटवर तो 'बॉस' वाचला जाईल असा वाकवून लिहून घेतला, चिकोडीत पोलिसांनी अडवलं की वो! अमेरिकेत चालतं म्हणे, आणि तिकडच्या पोलिसांचं ते १०-४ म्हणजे काय? (निपाणी)

उत्तर: तिकडं प्लेटवर आवडीचा शब्द चालतो, पण रीतसर फी भरून, कॅलिफोर्नियात बाइकला ६ अक्षरांपर्यंत. आपल्या केए-२३ ला (चिकोडी आरटीओ) फॅन्सी नंबरसाठी जादा पैसे भरा, पण आकडे वाकवायचे नाहीत, एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आहे तशीच ठेवायची. १०-४ म्हणजे वायरलेसवर 'समजलं'. जुने सेट बटण दाबल्यावर पहिला शब्दच गिळायचे, म्हणून आधी 'टेन' म्हणायचं, गिळला तर तो गिळू दे! आणि भावाला एवढी हौसच असेल तर बॉस टाकीवर लिही म्हणावं.