ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधलं आयल ऑफ मॅन हे बेट ब्रिटनमध्ये येत नाही म्हणतात. मग तिथे सरकार कोणाचं आणि संसद कशी चालते?

सरकार त्यांचं स्वतःचं. राजा मात्र ब्रिटनचाच, तिथे त्याला ‘लॉर्ड ऑफ मॅन’ म्हणतात. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडन बघतं. आयकर, शाळा, दवाखाने, पोलीस हे सगळं बेटावरच ठरतं.

संसदेचं नाव टिनवाल्ड. खालचं सभागृह ‘हाउस ऑफ कीज’: १२ मतदारसंघ, प्रत्येकी दोन, म्हणजे २४ सदस्य. वरची लेजिस्लेटिव्ह कौन्सिल छोटी, त्यातले आठ जण कीजच निवडून देतं. बजेटला दोन्ही सभागृहं एकाच दालनात बसतात, पण मतं वेगवेगळी मोजतात. मतदानाचं वय २००६ पासून १६ आहे.

पक्ष जवळपास नाहीतच, बहुतेक सगळे अपक्ष. ऐकायला छान वाटतं, पण हिशोब करून बघा. २४ जणांतून मुख्यमंत्री आणि सात-आठ मंत्री काढले, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कुठल्या ना कुठल्या खात्यात काम दिलं, की विरोधात बसायला माणूस उरतो कुठे? माझ्या मते ही या व्यवस्थेची खरी अडचण. संसदेच्या समित्या चौकशा करतात म्हणून थोडा तरी वचक राहतो.

काही वर्षांपूर्वी ५ जुलैला मी सेंट जॉन्स गावात होतो. त्या दिवशी संसद उघड्यावर भरते. चार पायऱ्यांची हिरवी टेकडी, चॅपलपासून तिथपर्यंतच्या वाटेवर लव्हाळं अंथरलेलं आणि कोट घातलेल्या सदस्यांच्या छातीवर रानटी दवण्यासारखी एक डहाळी. डीमस्टर, म्हणजे तिथले न्यायाधीश, वर्षभरातल्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत वाचतात, मग तो मँक्स या बेटाच्या जुन्या भाषेतही वाचला जातो. वाचल्याशिवाय कायदा लागूच होत नाही असं काही जण सांगतात, ते चूक. राजाची संमती टिनवाल्डमध्ये जाहीर झाली की तो लागू होऊ शकतो, पण १८ महिन्यांत टेकडीवरून वाचला गेला नाही तर रद्द होतो.

वाचन झालं की गाऱ्हाणी. कोणीही लेखी अर्ज घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जाऊ शकतो. पुढे एखाद्या सदस्याने तो उचलून धरला, तर संसदेची समिती त्यात लक्ष घालू शकते. मी उभा होतो तिथून एक आजोबा दिसत होते. अर्ज भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. नाव पुकारल्यावर त्यांनी आधी टोपी काढली, मग पिशवीची गाठ सुटेना. सगळी संसद टेकडीवर थांबून बघत होती.