आखाजीला माहेरी गेलेली गोष्ट

“मॅडम, तुम्ही लोक मन मोकळं करा म्हणता. केलं एकदा. महिन्याभरात सगळ्या सासुरवाडीला माहीत.”

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो पहिल्या दिवशी एवढंच बोलला आणि खिडकीतून खालच्या रिक्षा बघत बसला. तक्रार नवी नव्हती. कधी नवरा करतो, कधी बायको. परवा कॉलेजातली एक मुलगी जिवलग मैत्रिणीबद्दल हेच म्हणत होती: जवळच्या माणसाला सांगितलं आणि ते बाहेर गेलं, तर पुन्हा सांगायचंच कशाला? म्हणून या जोडप्याची हकीकत लिहिते. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. घर इंदिरानगरात. दिंडोरी तालुक्यात थोरल्या भावासोबत तीन एकर द्राक्षबाग. जानेवारीत माल निघाला, भावही बरा मिळाला. व्यापाऱ्याने थोडे रोख दिले, उरलेल्या साडेचार लाखांचा चेक. चेक वटला नाही आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. आमच्या द्राक्षपट्ट्यात असा फसलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पण हा व्यापारी त्याने ठरवला होता, भाऊ नको म्हणत असताना. त्यामुळे चेक परत आल्याचं भावालाही कळू दिलं नाही. होळीनंतर एका रात्री जेवता जेवता घास ताटात ठेवला आणि रडायला लागला. चौदा वर्षांच्या संसारात बायकोने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. सगळं सांगून तो झोपला. ती जागीच राहिली.

तिचं माहेर सटाण्याकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली आणि आईजवळ बोलली. आईने वडिलांना सांगितलं, वडिलांनी मुलाला. मे महिन्यातल्या एका लग्नात, पंगतीत, मेहुण्याने विचारलं, “दाजी, पावती तरी घेतली होती का?” शेजारचे दोघं-तिघं हसले. मेहुण्याच्या मनात वाईट नसावं. काही माणसांना कुठे काय बोलावं ते कळत नाही, एवढंच.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं दूध आणलं, फी भरली, गॅस सांगितला, इतक्यावर आलं. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. जूनमध्ये ती आधी एकटी आली, मग त्याला घेऊन.

पहिल्या दोन बैठकींत मी चुकले. नवऱ्याचा विश्वास मोडलाय, बायकोने माफी मागावी, त्याने ती घ्यावी, असा सरळ हिशेब मी मांडला. तिने खरोखर हात जोडले. “चुकलं माझं.” तो म्हणाला, “ठीक आहे.” आणि मी समाधानाने वहीत टिपण केलं! ‘ठीक आहे’ म्हणजे दार लावल्याचा आवाज, हे इतक्या वर्षांत मला ऐकू यायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी त्याची शिफ्ट लांबली. ती एकटी बसली होती, तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. त्या रात्री ते नेमकं काय काय बोलले?

तिने आधी दाराकडे पाहिलं. “म्हणाले, मी नसतो तर तुम्हाला विम्याचे तरी पैसे मिळाले असते.”

आठवडेच्या आठवडे ती रात्री दोन-तीनदा उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघत होती. आखाजीला आईजवळ बांध फुटला तो चेकमुळे नव्हे, या भीतीमुळे. मी विचारलं, आईला हे सांगितलंत?

“हे नाही सांगितलं. चेकचं सांगितलं, रडले तेही सांगितलं. हे सांगितलं असतं तर त्यांची आणखी लाज गेली असती ना.”

मी काही क्षण गप्पच राहिले. जे पोटात ठेवता आलं असतं ते सगळं बाहेर गेलं होतं, आणि जे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं तेवढंच एक वाक्य तिने निष्ठेने दडवून ठेवलं होतं.

आम्हा समुपदेशकांवरही गुपित राखण्याचं बंधन असतं, पण जिवाला धोका असेल तिथे ते थांबतं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेच्या हक्काला हा अपवाद आहे, आणि त्यातली एक अट मला फार शहाणी वाटते: धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, जास्त नाही. घरातही हेच माप लावता येतं. ‘यांना झोप नाही, नको ते बोलतात, मला भीती वाटते’ एवढं भावाला किंवा डॉक्टरला सांगणं पुरेसं होतं. रडण्याचं वर्णन कुणालाच लागणार नव्हतं.

तो आल्यावर, तिच्या संमतीने, मी सरळ विचारलं: मरणाचे विचार येतात का? असं विचारल्याने ते डोक्यात शिरतात, ही समजूत खोटी आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. विम्याचं बोललेलं त्याला आठवतच नव्हतं. बराच वेळ तो बायकोकडे बघत राहिला. मग म्हणाला, “येतात. आता कमी.” पहाटे तीनला जाग येते, पट्टा दोन भोकं आत गेलाय, हेही सांगितलं. त्याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री-अपरात्री लागलाच तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. बागेतल्या फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली भावाकडे द्यायचं ठरलं. भावाला काय सांगायचं ते त्याने स्वतः ठरवलं: “दादा, तब्येत बरी नाही, काही दिवस किल्ली तुझ्याकडे राहू दे.” दादाने एक प्रश्न विचारला नाही. चार दिवसांनी चेकची गोष्ट यानेच त्याला सांगितली.

मग वकील गाठला. न वटलेल्या चेकचा खटला भरायचा तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. ते दिवस केव्हाच उलटले होते, आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; याची साडेचार लाखांना पडली. शेवटी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत.

पुढच्या बैठका खऱ्या कामाच्या झाल्या, कारण त्या नीट भांडणाच्या होत्या. ती म्हणाली, “तुम्ही मला सांगून झोपलात. मी कुणाला सांगायचं?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझं म्हणणं असं पडलं की रडणं त्याचं, नुकसान दोघांचं, पण भीती तिची होती आणि ती कुणाजवळ तरी बोलायचा तिला हक्क होता. त्याला पटेना. “म्हणजे फिरून तेच की!” शेवटी तोडगा त्यानेच काढला. आई नको, त्यांच्या पोटात काही राहत नाही. थोरली बहीण चालेल. तिला बोलशील तेव्हा मला आधी सांग. ‘आधी विचार’ म्हणाला होता. तिने हट्टाने ‘सांग’ करून घेतलं. मी मध्ये पडले नाही.

राखीपौर्णिमेला तिने भावाला ओवाळलं आणि आईवडिलांसमोर सांगितलं, “यांना पंगतीत बोललास, ते पुन्हा चालणार नाही.” हात जोडून मागितलेल्या माफीने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. त्याने तिला तसं म्हणून दाखवलं नाही. मला मात्र दोन वेळा सांगितलं.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी ते शेवटचे आले, तेव्हा मी विचारलं की हे लिहिलं तर चालेल का. तो विचारात पडला.

“व्यापाऱ्याचं लिहा. लोक सावध होतील.”

आणि विम्याचं?

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “ते तुमचं आहे. तुम्हीच सांगा.”

“लिहा,” तो म्हणाला. “पण गाव बदला.”